माझदा एमएक्स-५चे शॉक बदलताय? या चुका टाळा

पहिल्या पिढीची एमएक्स-५ हजार किलोच्या आतबाहेरची गाडी. एवढ्या हलक्या गाडीत सस्पेन्शनमधली बारीक चूकही लगेच जाणवते आणि खापर फुटतं नव्या शॉकवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरवर. बहुतेक वेळा शॉक ठणठणीत असतो, चुकलेलं असतं ते बसवणं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळणं. बुश म्हणजे सांध्यात बसवलेली रबरी नळी, आणि त्यातलं रबर आतल्या धातूच्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं. चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, म्हणजे आर्म, हलला की ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक लटकलेलं असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्यापासून ते कायम पिळलेलंच राहतं. मग गाडी उंच बसते, ताठ चालते, करकरते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवा. एका आर्मखाली जॅक लावून उंची साधायला जाल, तर गाडी हलकी असल्याने ती स्टँडवरूनच उचलली जाईल. त्यापेक्षा चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे द्या, गाडी दाबून बसवा आणि मग ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळा: शॉकचा खालचा बोल्ट ७३ ते ९३ न्यूटन मीटर, वरचे दोन नट २९ ते ३६. हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर काम सुरू करण्याआधीच चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. नंतर तुलनेला तेच उपयोगी पडतं.

पुढचा शॉक सुटा झाला तरी बाहेर येत नाही, म्हणून अनेक जण खालच्या आर्मचे बोल्ट काढतात. ते एक्सेंट्रिक, म्हणजे फिरवले की आर्म सरकवणारे, बोल्ट आहेत; कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाचे कलाचे कोन, त्यांवरच ठरतात. खुणा न करता ते सैल केले, की अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) गेलंच. त्याऐवजी वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढा. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधा, म्हणजे त्याचं वजन ब्रेकच्या होजवर येणार नाही. एकच बाजू उचलू नका. दुसरं चाक जमिनीवर राहिलं की अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी, दोन्ही बाजू जोडणारी सळई) ताणलेला राहतो आणि त्याच्या लिंकचा बोल्ट भोकात जात नाही. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला.

स्प्रिंग दाबताना कॉम्प्रेसरचे हुक समोरासमोर लावा. स्प्रिंग बैठकीत सैल हलेपर्यंत शॉकच्या रॉडच्या नटला हात लावू नका. रॉड पकडने धरू नका. त्यावर ओरखडा पडला, की सील फाटून तेल गळणार. इम्पॅक्ट गनही नको. कोनी या कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्ये अॅडजस्टमेंट त्याच रॉडमधून जाते, ती तुटते.

जोडताना वरच्या माउंटचे स्टड आणि खालचा डोळा यांचा कोन जुळला नाही, तर बुश पिळूनच बसतो. जुना शॉक उघडण्याआधी दोन्हींवर रंगाची रेघ मारा. पहिल्या पिढीत शॉकचा प्रवास मुळातच कमी. त्यात छोटे स्प्रिंग टाकून गाडी खाली केली, की ती सतत बंप स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी अडथळ्यावर) आपटते. त्याला हार्ड शॉक हा उपाय नव्हे. दुसऱ्या पिढीची वरची माउंट बसवली तर थोडा जास्त प्रवास मिळतो.

अॅडजस्टमेंट: पिवळ्या कोनीत फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत लांबतानाचा रोध, बदलतो. नॉब डावीकडे टेकेपर्यंत फिरवून सगळ्यात सॉफ्टपासून मोजा, एका अॅक्सलच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा आणि एका वेळी पाव फेराच बदला. रिबाउंड फार घट्ट झाला, तर लागोपाठच्या खड्ड्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी खाली बसत जाते. (आणि त्याआधी टायरमधली हवा बघा. कंपनीचा आकडा २६ पीएसआय आहे, ३२ भरून राइड कडक झाली म्हणणारे कमी नाहीत.)

बसवल्यावर खडखड आली तर आधी रॉडचा नट, मग वरच्या बुश-वॉशरचा क्रम, मग अँटीरोल लिंक तपासा. दहा-वीस किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा टॉर्कला तपासा, चाकांचेही (८८ ते ११८ न्यूटन मीटर), आणि अलाइनमेंट त्यानंतरच करून घ्या. आधी केलेलं फुकट जातं.