विलगीकरणातील मनःस्थिती कशी मोजावी

महासाथीतील मानसिक प्रतिक्रिया मोजण्याआधी नेमके काय मोजायचे ते ठरवावे, कारण संसर्गाची भीती, विलगीकरणातला एकटेपणा आणि नैराश्य या वेगवेगळ्या गोष्टी असून त्या एकाच प्रश्नावलीत मावत नाहीत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची आणि चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली वापरता येते; दोन्हींत मागील २ आठवड्यांतील त्रास विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. पीएचक्यू-९ मध्ये एकूण १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, पण तेवढ्यावरून निदान करू नये.

खरी गोम इथेच आहे. थकवा, झोपेची तक्रार, भूक मंदावणे हे पीएचक्यू-९ मधील प्रश्न तापाने फणफणलेल्या माणसालाही लागू पडतात, त्यामुळे बाधितांची उत्तरे वेगळी काढून प्रश्नागणिक तपासावीत. याच प्रश्नावलीचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो विचारणार असाल, तर उत्तराला १ किंवा अधिक गुण आल्यास कोण, किती वेळात संपर्क साधेल, याची व्यवस्था आधीच हवी, आणि ती नसेल तर सर्वेक्षण सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ ऑनलाइन नमुन्यावरून साऱ्या समाजाविषयी निष्कर्ष काढू नयेत. शक्य असल्यास विलगीकरणादरम्यान आणि ते संपल्यावर त्याच व्यक्तींची पुन्हा मोजणी करावी.