बंद पडलेल्या खाणीकडे निघण्यापूर्वी

तयारी बॅगेपासून सुरू करू नका, एका कागदापासून करा. वहीचं पान चालेल. त्यावर खाणीचं नाव, कुठल्या तोंडाने आत जाणार, सोबत कोण कोण, गाडी कुठे लावणार, बाहेर कधी येणार आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, एवढं लिहा. हा कागद अशा माणसाच्या हातात द्या जो सोबत येत नाही, फोन उचलतो आणि अर्ध्या तासाच्या उशिराने घाबरून गाव गोळा करत नाही. अशी माणसं फार नसतात, म्हणून आधीपासून हेरून ठेवा. खडकाखाली मोबाइल चालत नाही. आत काही झालं तर बाहेर कळायला या कागदाशिवाय दुसरी वाट नाही.

मग नक्की काय बघायचंय ते ठरवा. खाण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काळा बोगदाच येतो, आणि तयारीही बोगद्याचीच होते. माझं मत उलटं आहे. पहिल्या दोन-तीन खेपा वाटाड्यासोबत दाखवल्या जाणाऱ्या खाणींत घालवा. स्वीडनमधली फालूनची तांब्याची खाण १९९२ साली बंद झाली, जर्मनीतली रॅमल्सबर्ग १९८८ साली. दोन्ही आज रीतसर बघता येतात. वेल्समधल्या ग्रेट ऑर्मवर तर कांस्ययुगातल्या माणसांनी दगडी हातोडे आणि हाडांची हत्यारं वापरून तांबं काढलं, त्या वाटांवरून चालता येतं. तिथे डोळे तयार होतात. त्यानंतर खाणीच्या वरचे, उघड्यावरचे अवशेष. त्यातच कित्येक वर्षं निघतात. कुलूप नसलेल्या, वाटाड्या नसलेल्या जुन्या खाणीत उतरणं सगळ्यात शेवटी, तेही मालकाच्या परवानगीने आणि ती खाण आधी पाहिलेल्या माणसांबरोबरच. एकट्याने कधीच नाही. चार जण हवेत: एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. तिघांत हा हिशेब बसत नाही.

नकाशे शोधायला पुरेसा वेळ द्या. ब्रिटनमध्ये बंद होणाऱ्या खाणींचे आराखडे जमा करण्याची सक्ती १८७२ पासून झाली. त्याआधी बंद पडलेल्या खाणींचा कागद मिळालाच तर नशीब. मिळालेला आराखडाही आजच्या नकाशासारखा वाचायचा नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या खाणींच्या आराखड्यात ‘४० फॅदम’ असं लिहिलेलं असतं. एक फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणून आपण २४० फूट खोल असं धरून चालतो. ते २४० फूट जमिनीपासून मोजलेले नसतात, ॲडिटपासून मोजलेले असतात. ॲडिट म्हणजे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून डोंगराच्या पायथ्याकडून काढलेला आडवा बोगदा. हा बोगदा स्वतःच जमिनीखाली बराच खोल असू शकतो. दुसरी भानगड उत्तर दिशेची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे २४ अंश पश्चिमेला झुकायची, आज ती जवळपास सरळ उभी आहे. जुन्या आराखड्यावर होकायंत्राची उत्तर असेल आणि तुम्ही तो आजच्या नकाशावर तसाच ठेवलात, तर १०० मीटरवर ४० मीटरची चूक होते. गवतात दडलेली विहीर ४० मीटर इकडे आहे की तिकडे, याने फरक पडतो.

आणि विहिरी गवतात दडलेल्या असतातच. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, खाण बंद करताना पुष्कळदा लाकडी फळ्या टाकून वर माती लोटून ‘बुजवलेली’ असते. लाकूड कुजलं की खाली मोकळी पोकळी. म्हणून वर चालतानाही डोळे उघडे हवेत. गोल खळगा आणि भोवती दगडमातीचं कडं दिसलं की ते कडं ओलांडायचं नाही, मध्ये फुलं कितीही छान असोत. असे खळगे एका ओळीत दिसले तर त्या ओळीखालून धातूची शीर गेलेली असते. कॉर्नवॉलच्या इंजिनघरांबद्दल, म्हणजे वाफेच्या इंजिनासाठी बांधलेल्या इमारतींबद्दल, एक खूण लक्षात ठेवा. चारपैकी एक भिंत बाकीच्यांपेक्षा जाड असते आणि तिच्या वरच्या बाजूला मोठं भगदाड असतं. इंजिनाची अवाढव्य तुळई त्या भिंतीवर तोललेली असायची, अर्धी घरात, अर्धी बाहेर. पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत बाहेरच्या टोकाच्या बरोबर खाली विहीर. म्हणजे फोटोसाठी माणसं मागे मागे सरकत जिथे उभी राहतात, नेमकी तिथे. बोटॅलॅकची समुद्रकड्यावरची इंजिनघरं पाहताना मी एकाला दंडाला धरून बाजूला घेतलं आहे. तिथली विहीर कुंपणात होती, पण सवय नको.

परवानगीबद्दल थोडक्यात: जमिनीचा मालक एक आणि खाणीच्या हक्काचा मालक दुसरा असू शकतो, दोघांना विचारा. वटवाघळं हिवाळ्यात जिथे झोपतात त्या खाणी त्या दिवसांत वर्ज्य. झोपमोड झाली की त्यांची साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. तोंडाला आडव्या सळ्यांचं फाटक दिसलं तर ते बहुधा त्यांच्यासाठीच आहे.

आता हवा. यादीत इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण बाकीचे धोके निदान दिसतात तरी. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बंद खाणीत कुजणारं लाकूड तो खातं, गंजणारं लोखंड खातं, आणि खडकातलं पायराइट, तेच सोन्यासारखं चमकणारं, हवा लागून ऑक्सिडाइझ होताना खातं. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खळग्यांत, उतारांत, पायऱ्यांखाली साचतो. नाकाला काही कळत नाही. पूर्वी लोक मेणबत्ती पुढे धरून जायचे. ती १६-१७ टक्क्यांच्या आसपास विझते, म्हणजे तोवर तुमचंही डोकं जड झालेलं असतं. मिथेनच्या खाणीत तर ज्योत नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर स्फोट होतो. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा दिवा काढला तो याचसाठी. कोळशाच्या बंद खाणी म्हणूनच आमच्या यादीत नाहीतच.

सोबत चार वायूंचा मीटर घ्या: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू. निघण्याआधी तो मोकळ्या हवेत सुरू करून २०.९ दाखवतो का बघा आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर अचूक जुळवून घेतल्याची, तारीख तपासा. तो गटात पुढे चालणाऱ्याकडे असतो, बॅगेत नसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांवर येऊन मीटर वाजला की चर्चा न करता मागे फिरायचं. त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. साधा चार वायूंचा मीटर कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजत नाही, आणि ऑक्सिजन फार कमी असेल तर त्याचा ज्वलनशील वायूचा आकडाही भरवशाचा राहत नाही. साचलेल्या पाण्यात पाय घातल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो वास एकाएकी नाहीसा झाला तर आनंद मानू नका, वायू वाढला की नाकच बधिर होतं.

हवामानाचा अंदाज पाहताना पावसासोबत हवेचा दाबही बघा. दाब घसरत असला की खाण उच्छ्वास टाकते, आतल्या बुजलेल्या भागांतली निकृष्ट हवा वाटांमध्ये येते. काल चांगली असलेली जागा आज वाईट असते ती अशी. कालचा अनुभव सांगून कोणी घाई करत असेल तर त्याला हे सांगा.

जमिनीकडे वळू. आडव्या बोगद्यात घोटाभर पाणी असतं, नारिंगी, गढूळ, तळ न दिसणारं. पन्नास पावलं घोटाभर, साठ पावलं घोटाभर. एकसष्टाव्या पावलाला बोगद्याच्या तळातच खाली उतरणारी विहीर असू शकते, काठोकाठ भरलेली, आणि वरून पाणी तसंच घोटाभर दिसतं. त्यामुळे पुढच्या माणसाच्या हातात काठी, आणि पाऊल टाकण्याआधी काठी टेकवायची, प्रत्येक वेळी. एका खाणीत माझी काठी अशीच टेकता टेकता खांद्यापर्यंत गेली. हाताला काहीच लागलं नाही हे कळायला एक क्षण लागला. त्या दिवशी आम्ही तिथूनच परतलो आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. कोरडी जमीनही खरी आहे असं धरू नका: खडीखाली फळ्या आणि फळ्यांखाली पोकळी, असे खोटे तळ असतात. पावलाचा आवाज पोकळ येऊ लागला की थांबा.

खाणीतलं पाणी नुसतं पाणीही नसतं. फालूनमध्ये १७१९ साली मोरचुदाच्या पाण्यात एका तरुणाचं प्रेत सापडलं, इतकं शाबूत की आजकालच मेला असावा. त्याला ओळखलं ते त्याच्या म्हाताऱ्या झालेल्या वाग्दत्त वधूने. मॅट्स इस्राएलसन १६७७ साली खाणीत हरवला होता. शरीर टिकवून ठेवणारं पाणी पिण्याच्या कामाचं नाही. प्यायचं पाणी घरून न्या.

लाकूड मात्र असं टिकत नाही. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटच्या मिठाच्या खाणीत इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला लाकडी जिना सापडला, पण तो मिठाने राखला. तुमच्या खाणीतल्या शिड्या फक्त बघायच्या. टेकूंना हात, पाठ, बॅग काही लावायचं नाही. डोक्यावर आडव्या लाकडांचा मचाण आणि त्यावर रचलेले टाकाऊ दगड दिसले तर खालून जाण्याआधी परतायचा विचार करा. मी परततो. चालू खाणीतही यंत्रं दगा द्यायची: कॉर्नवॉलच्या लेव्हंट खाणीत माणसांना वर-खाली नेणारं यंत्र २० ऑक्टोबर १९१९ रोजी तुटलं आणि ३१ जण गेले. शंभर वर्षं कोणी न पाहिलेल्या लाकडाचं काय असेल, तुम्हीच बघा. डबा, वायर, पुड्या, मेणकट कांड्या दिसल्या तर हात लावू नका आणि तिथून निघा. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं. बाहेर येऊन पोलिसांना कळवायचं.

सामानाची यादी त्यामानाने सरळ आहे. हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, त्यावर एक दिवा, खिशात दुसरा, बॅगेत तिसरा, तिन्ही वेगवेगळे आणि तिन्हींच्या बॅटऱ्या ताज्या. फोनचा टॉर्च मोजायचा नाही. पोलादी टोकाचे, जाड तळव्याचे बूट, कारण जुन्या खिळ्यांना तोटा नाही. सुती कपडे नकोत. उथळ खाणीत तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असतं, थंड देशात भिजलेला माणूस तिथे तासाभरात कुडकुडायला लागतो. हातमोजे, प्रथमोपचार, चॉकलेटसारखं काही, शिटी. खडू घेऊ नका, भिंतीवर बाण काढायचे नसतात. वाट लक्षात ठेवायला प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, कारण येताना दिसणारी वाट जाताना दिसलेलीच नसते. दिसलेल्या खुणा टिपायला एक छोटी वही मात्र हवीच. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची भिंतीत उरलेली अर्धी नळी गुळगुळीत गोल असेल तर यंत्राची, थोडी तिरपागडी असेल तर बहुधा घण आणि पहारीची. युरोपात खाणीत सुरुंगाची दारू पहिल्यांदा १६२७ साली आजच्या स्लोव्हाकियात वापरली गेल्याची नोंद आहे. त्याआधीचे बोगदे अरुंद, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळते, छिन्नीच्या टोच्यांनी भरलेले असतात. माणूस जेवढा मावेल तेवढंच त्यांनी खोदलं. अशा भिंतीवर दिवा तिरपा धरा, एकेक टोचा सावलीसकट दिसतो. मी एकदा अशा चार हात भिंतीपुढे पाऊण तास बसलो, बाकीचे वैतागले.

वरच्या अवशेषांत हातांची काळजी जास्त. बोटॅलॅकला भट्टीचा धूर वळणावळणाच्या बोळांतून फिरवून त्यातलं आर्सेनिक भिंतींवर जमवत आणि माणसं ते खरवडून काढत. कोलारमध्ये सोनं काढून उरलेल्या भुग्याच्या टेकड्यांना सायनाइड डम्प म्हणतात, ते उगाच नाही. अशा ठिकाणी बसून खायचं नाही, वाऱ्याच्या दिवशी भुग्यावर चढायचं नाही, मुलांना खेळू द्यायचं नाही. जिथे गवतही उगवत नाही तिथे का उगवत नाही, हे विचारून मग पाय टाका.

शेवटी कागदाची मागची बाजू. तिथे परतायच्या अटी लिहा, घरी, चहा घेताना, डोकं शांत असताना: मीटर वाजला, दोन दिवे बिघडले, काठी टेकली नाही, ठरलेली वेळ झाली, किंवा कोणी एकाने ‘मला नको वाटतंय’ म्हटलं. कारण विचारायचं नाही. आत गेल्यावर या अटींवर मतदान होत नाही, पुढच्या वळणाचा मोह वाईट असतो.

परत आल्यावर बूट, दोर, कपडे धुवा. वटवाघळांना मारणारी बुरशी उत्तर अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा दिसली, आणि ती चिखलासोबत एका खाणीतून दुसरीत जाऊ शकते. गरम पाणी निदान ५५ अंशांचं, सामान त्यात वीस मिनिटं बुडवून. पण हे घरी गेल्यावर. बाहेर आल्याबरोबर पहिला फोन ज्याच्याकडे कागद आहे त्याला. आम्ही एकदा वर आलो, ऊन होतं, पडक्या इंजिनघराची ती जाड भिंत कुठली यावर वाद रंगला आणि फोन राहिला. केला तेव्हा पलीकडून शांतपणे ऐकू आलं, “नंबर काढून बसलो होतो, सात मिनिटं उरली होती.”