किटची बॉडी स्लॉट कारच्या चॅसिसवर कशी बसवावी

स्लॉट कार म्हणजे रुळातल्या खाचेतून धावणारी छोटी विजेची गाडी. तयार स्लॉट कारमध्ये आपल्या आवडीची गाडी मिळत नसेल, तर तिचे प्लॅस्टिकचे किट किंवा रेझिनची बॉडी घेऊन ती वेगळ्या चॅसिसवर, म्हणजे मोटर आणि चाके असलेल्या खालच्या सांगाड्यावर, बसवता येते. नजर बॉडीवर जात असली, तरी धावते ते चॅसिस. बॉडी त्याच्या आड येऊ नये, टायरला घासू नये आणि वळणावर त्याला ओढू नये, यासाठीच पुढची सारी खटपट करायची असते. त्यामुळे बॉडी चॅसिसला थेट चिकटवून टाकण्याचा मोह सुरुवातीलाच सोडावा.

पहिले काम मापांचे. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, बॉडीच्या चाकांच्या कमानींशी जुळलेच पाहिजे. मूळ गाडीचा व्हीलबेस ठाऊक असेल, तर त्याला प्रमाणाने भागावे. फेरारी २५० जीटीओचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आहे. तो १/३२ प्रमाणात ७५ मिलिमीटर, १/२४ प्रमाणात १०० मिलिमीटर आणि १/२५ प्रमाणात ९६ मिलिमीटर होतो. १/२४ आणि १/२५ ही प्रमाणे ऐकायला जवळची वाटतात, पण चार मिलिमीटरचा फरक कमानीत लगेच दिसतो. गणित केल्यावरही प्रत्यक्ष बॉडीवर कॅलिपर लावून कमानींच्या मध्यांतले अंतर मोजावे, कारण किट नेहमीच प्रमाणाशी तंतोतंत जुळते असे नाही. गणित आणि कमानी यांच्यात मेळ बसत नसेल, तर कमानींचे ऐकावे. व्हीलबेस कमीजास्त करता येणारे चॅसिस अशा कामाला सर्वांत सोयीचे. त्यानंतर रुंदी पाहावी: दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर बॉडीच्या त्या जागच्या रुंदीपेक्षा दोन मिलिमीटरभर कमी असावे. ते जास्त भरल्यास आस आखूड करावा किंवा अरुंद चाके घ्यावीत.

आता बॉडी आतून मोकळी करावी. किटमधला तळ, इंजिन आणि जाड आसने यांचा येथे उपयोग नसतो. आतला भाग दाखवायचाच असेल, तर पातळ प्लॅस्टिक पत्र्याचा उथळ ट्रे करून त्यावर चालकाचे डोके, खांदे आणि स्टिअरिंग एवढेच बसवावे. हा ट्रे मोटर आणि दातेरी चाकापासून थोडा वर राहील, हे आधीच पाहून घ्यावे. कमानींची आतली बाजू गोल कानशीने आणि पॉलिश पेपरने पातळ करावी, मात्र बाहेरची कड तशीच ठेवावी, म्हणजे टायरला जागा मिळते आणि गाडीचा आकारही बिघडत नाही. रेझिन घासताना मास्क लावावा आणि शक्यतो पाण्यात भिजवलेला पेपर वापरावा, कारण त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. रेझिनची बॉडी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी. साच्यातला तेलकट थर राहिला, तर रंग आणि गोंद दोन्ही नीट धरत नाहीत. पुढच्या बाजूला, बंपरखाली, गाईडला, म्हणजे रुळाच्या खाचेत बसून गाडीला वळवणाऱ्या पात्याच्या भागाला, डावीउजवीकडे पूर्ण वळता येईल एवढी जागा कापून ठेवावी. गाईडला जोडलेल्या तारांनाही तेवढी ढील हवी, नाहीतर वळताना त्याच गाईडला मागे खेचतात.

यानंतरचा टप्पा उंचीचा, आणि बहुतेक वेळ येथेच द्यावा. सपाट काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर चॅसिस चाकांसह ठेवावे. गाईडचे पाते खाली लोंबते, म्हणून त्याच्यासाठी काचेच्या कडेचा आधार घ्यावा किंवा गाईड तात्पुरते काढून ठेवावे. चॅसिसच्या तळाखाली दीड मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा राहावी. मग बॉडीच्या कडांखाली पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या रचत ती हव्या त्या उंचीवर आणावी. चारही चाके कमानींच्या मधोमध आहेत का, पुढून पाहता बॉडी एका बाजूला कललेली तर नाही ना, मागून पाहता दोन्ही टायर सारखेच आत आहेत का, हे सारे गोंद लावण्यापूर्वी पाहावे. बॉडी खाली बसली की गाडी देखणी होते आणि वजनही खाली येते. टायर कमानीला लागेल इतकी मात्र ती खाली नेऊ नये.

बॉडी आणि चॅसिस यांना जोडतात ते आधारखुंट. पुढे एक आणि मागे दोन, अशी तीन खुंटांची मांडणी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत बसतात आणि स्क्रू आवळल्यावर चॅसिस पिळले जात नाही. जाड भिंतीच्या प्लॅस्टिक नळीचे तुकडे घ्यावेत आणि त्यांत स्क्रूपेक्षा किंचित लहान व्यासाचे छिद्र सरळ पाडावे, म्हणजे स्क्रू आत जाताना नळी तडकत नाही. प्रत्येक खुंट हव्या त्या लांबीपेक्षा किंचित लांब कापून, घासत घासत उंचीवर आणावा.

मग खुंट स्क्रूने चॅसिसला घट्ट लावावेत आणि स्क्रूवर थोडे ग्रीस फासावे, म्हणजे गोंद ओघळला तरी स्क्रू अडकत नाही. बॉडीच्या आत जेथे खुंट टेकणार, तेथे आधीचा रंग असेल तर तो खरवडून पॉलिश पेपरने जागा खरखरीत करावी. खुंटांच्या टोकांवर दोन भाग मिसळून करायचा एपॉक्सी लावून बॉडी आधी ठरवलेल्या पट्ट्यांवर हलकेच ठेवावी आणि पुन्हा एकदा चारही बाजूंनी पाहावे. सुपरग्लू येथे टाळावा: तो लगेच धरतो, त्यामुळे जागा सुधारायला वेळ मिळत नाही, आणि त्याच्या वाफेने पारदर्शक काचांवर पांढरी झाक येते. एपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत, म्हणजे साधारण २४ तास, गाडीला हात लावू नये. नंतर स्क्रू काढून चॅसिस वेगळे करावे आणि प्रत्येक खुंटाच्या बुडाशी एपॉक्सीचा आणखी एक थर चढवावा. गाडी उलटली की सगळा धक्का याच सांध्यांवर येतो.

रंगकाम आणि काचा यानंतर कराव्यात. ते झाल्यावर स्क्रू पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे फिरवावेत. बॉडी बोटाने किंचित हलली पाहिजे, पण टायरला लागता कामा नये. या मोकळीकीमुळे मोटरची आणि रुळाच्या सांध्यांची थरथर बॉडीपर्यंत कमी पोहोचते आणि मागचे टायर रुळाला धरून राहतात. छिद्राच्या कडेवर स्क्रूचे डोके अडकत असेल, तर चॅसिसमधले छिद्र किंचित मोठे करावे.

शेवटी गाडी संथ वेगाने चालवून पाहावी. गाईड खाचेत पूर्ण खोल बसले पाहिजे आणि पुढची चाके रुळाला जेमतेम टेकली पाहिजेत. त्यांवरच भार पडला, तर गाईड वर उचलले जाते. वळणावर फक्त एकाच बाजूने घासल्याचा आवाज येत असेल, तर त्या बाजूची कमान आतून पाहावी, तेथे टायरची काळी खूण सापडते. तेवढाच भाग घासावा. गाडी वळणात कलंडत असेल, तर शिशाचे छोटे तुकडे चॅसिसच्या तळाशी, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे चिकटवून पाहावेत; बॉडीत वजन वाढवू नये.