सहा ते नऊ सेंटिमीटर

कल्पित विश्वावर गेम करायचा म्हटलं की नवखा माणूस आधी चित्रं जमवतो. मीही तेच केलं. भुसावळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' (1965) या कादंबरीवर द्वंद्वाचा छोटा गेम गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंजिनात) करायला घेतला. निळसर चकाकणारं कवच, त्याला 100 गुण, दर वाराला 10 कमी, शून्यावर आलं की फुटलं. मावसभावाला खेळायला दिला. कादंबरी त्याची पाठ. दोन डाव खेळला आणि म्हणाला, "दादा, हाई कवच शे का मडकं?"

त्याचं बरोबर होतं. कादंबरीतलं कवच मार मोजत नाही, वेग बघतं. गोळी अडते, हळू सरकणारं पातं आत जातं. म्हणून तर हजारो वर्षं पुढच्या त्या जगात माणसं सुऱ्यांनी लढतात. माझ्या गेममध्ये सुरी काढून बंदूक दिली असती तरी काही बिघडलं नसतं, तिथेच मी नापास. तेव्हापासून कुठलंही शस्त्र घेतलं की त्याला काय जमत नाही ते आधी वहीत लिहितो. रंग, आवाज, ठिणग्या नंतर.

हे कवच कसं वागतं ते घरीच बघता येईल. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, त्यावरचं पाणी ओतून टाकल्यावर तळाशी बसलेल्या थरावर बुक्की मारा. हात आपटतो. बोट हळूच टेकवा, आत जातं. (आई जवळ नसताना करा.)

कवच किती वेगाच्या वस्तूला आत येऊ देतं, त्याचा कादंबरीच्या शेवटच्या शब्दसूचीत आकडाही आहे: सेकंदाला 6 ते 9 सेंटिमीटर. मी तो पूर्ण वाराला लावला. 90 सेंटिमीटर अंतर कापायला पात्याला 10 सेकंद! तोवर समोरचा शेवभाजी खाऊन येईल. आकडा चूक नव्हता, लावायची जागा चुकली होती. वेग बघायचा तो फक्त कवचाच्या थरात. थर 5 सेंटिमीटरचा धरला, बाहेर हात हवा तेवढा झपाट्याने फिरू दे, आत शिरताना अर्धा सेकंद धीर धरायचा. तो अर्धा सेकंद म्हणजेच अख्खा गेम झाला.

तरी वार लागेनात. दोन रात्री गेल्या. (रात्रीच, कारण मे महिन्यात भुसावळच्या दुपारी लॅपटॉपही माणसासारखा धापा टाकतो.) शेवटी सापडलं: मी पात्याचा वेग जमिनीच्या हिशेबाने मोजत होतो. पाहिजे होता तो समोरच्याच्या अंगाच्या हिशेबाने. तो साधा चालत आला तरी सेकंदाला 140 सेंटिमीटर येतो, पातं स्थिर धरलं तरी कवच ते झिडकारणार. सापेक्ष वेग, अकरावीचं फिजिक्स. ही दुरुस्ती केल्यावर खेळणारे न सांगता एकमेकांना धरून, दाबून लढायला लागले. ते मी कुठे लिहिलेलं नव्हतं, नियमातून आपोआप आलं.

गोळीची उलटीच गंमत. सेकंदाला 300 मीटर वेग आणि इंजिन सेकंदाला 60 वेळा बघणार, म्हणजे दर खेपेला गोळी 5 मीटर उडी मारते. कवच मधेच राहून जायचं आणि माणूस मरायचा. मागच्या जागेपासून पुढच्या जागेपर्यंत रेष टाकून मधे काय येतं ते तपासा, प्रश्न मिटतो.

लेसगनवर, म्हणजे कादंबरीतल्या किरण सोडणाऱ्या बंदुकीवर, मित्रांचं भांडण झालं. तिचा किरण कवचाला लागला तर अणुस्फोटासारखा स्फोट होतो, मारणाराही वाचेलच असं नाही. "काढून टाक, डाव नासतो," सगळे म्हणाले. मी ठेवली. दोघंही मेले तर कुणालाच गुण नाही, एवढंच केलं. तिच्या भीतीशिवाय ते विश्व अर्धं.

विकायचं मात्र मनात आणू नका. हर्बर्ट 1986 साली वारले. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2046 अखेरपर्यंत. वेग बघणाऱ्या कवचाची नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते, पण नावं, पात्रं, कथानक वापरायचं तर परवानगी लागते. मी हा गेम घरातच ठेवलाय. पुण्यात पहिल्या मुलाखतीला तोच उघडून दाखवला. समोरच्या बाईंनी चित्रांकडे बघितलंही नाही, पाऊण तास सापेक्ष वेगाच्या त्या चुकीवरच बोलत होत्या.

मावसभाऊ अजून खेळतो. हरायला आला की लेसगन काढतो.