युरोप हनिमून: पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली एकाच ट्रिपमध्ये कसं बसवायचं

जाताना मुंबई-पॅरिस आणि येताना रोम-मुंबई असं मल्टी-सिटी तिकीट बघा, उगाच परत पॅरिसला येण्यात अख्खा दिवस जातो. शेंगेन व्हिसा (या तिन्ही देशांना चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे टाकायचा, ६ महिने आधीपासून अर्ज घेतात, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि हो, लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर आल्यावर बदला, पासपोर्ट आणि तिकिटावर नाव सेम पाहिजे. पॅरिस-झुरिक डायरेक्ट ट्रेन साधारण ४ तासांची, विमानाच्या भानगडीत पडूच नका. स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम लाउटरब्रुनेन या डोंगरातल्या गावी करा, गावातूनच कड्यावरून कोसळणारा धबधबा दिसतो, हॉटेलिंग मात्र जाम महाग म्हणून कोऑप या सुपरमार्केटमधून ब्रेड घ्यायचा, शेंगदाण्याची चटणी बॅगेत असेलच ना. युंगफ्राउयोखचं (बर्फाच्या डोंगरावरचं उंच रेल्वे स्टेशन) तिकीट सकाळी वेबकॅमवर ढग बघून मगच काढा. इटलीत लोकल ट्रेनचं कागदी तिकीट चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड बसतो.