आयर्लंडमधल्या पडक्या मध्ययुगीन चर्चचं वय कसं ओळखावं

अख्ख्या चर्चला एकच साल चिकटवायला जाऊ नका. ही छोटी चर्चं कित्येक शतकं वापरात होती, त्यामुळे वय काढायचं ते एकेका भिंतीचं. टेप, होकायंत्र आणि टॉर्च पुरे.

आधी पश्चिमेची भिंत. दार तिथेच असेल, वर कमानीऐवजी एकच आडवा दगड असेल आणि दाराच्या बाजू वर जाताना आत झुकत असतील, तर ते काम बहुधा १२व्या शतकाआधीचं. लांबीच्या भिंती कोपऱ्यावर न थांबता पुढे आल्या असतील, तर शंका आणखी कमी होते. ग्लेंडालॉकच्या कॅथीड्रलला हे नीट दिसतं; लाकडी चर्चच्या कोपऱ्यांतल्या खांबांची ती दगडी नक्कल असावी. मग आतून मापं घ्या. जुन्या एकखोली चर्चची लांबी रुंदीच्या साधारण दीडपट असते. बरीच जास्त भरली, तर भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ सांधा शोधा, जिथे दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत. तिथून पुढचं बांधकाम नंतरचं.

नागमोडी नक्षीची गोल कमान १२व्या शतकाकडे बोट दाखवते. कॅशेलचं कॉर्मॅक चॅपल (११२७–११३४) हा त्याचा ठळक नमुना.

फसवतात त्या खिडक्या. अरुंद, टोकदार खिडकी साधारण १३व्या शतकाची आणि माथ्याशी दुहेरी वळण घेणारी १५व्याची, हे खरं. पण पूर्वेची खिडकी जुन्या भिंतीत नंतर सर्रास बसवली जाई. चौकटीभोवती बारीक दगडांची भर दिसली, तर ते साल खिडकीचं समजा, भिंतीचं नव्हे. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरका धरा: तिरप्या समांतर छिन्नीरेषा बहुधा ११६९ नंतर ब्रिटनमधून आलेल्या अँग्लो-नॉर्मन लोकांच्या काळातल्या, टोचे मारलेला खडबडीत चुनखडक बहुधा १५व्या शतकातला. सुटा पडलेला किंवा थडग्यावर रोवलेला घडीव दगड पुराव्यात धरू नका, तो कुठूनही आलेला असू शकतो.

दक्षिण भिंतीत पूर्वेकडे तळाला भोक असलेला कोनाडा दिसला, तर वेदी त्याच्या शेजारी होती. ते भोक पूजेची भांडी धुतलेलं पाणी मुरण्यासाठी. दार फार ठेंगणं वाटलं, तर शतकानुशतकांच्या दफनांनी जमीन वर आली आहे. उंबरठा बघायला उकरू नका. भिंतीवर चढलेली आयव्हीची वेलही ओढू नका, तिची मुळं सांध्यांतला चुना घेऊनच बाहेर येतात. आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं तिथे गुन्हा आहे.