खासदारांकडे अवकाश विज्ञानाच्या निधीची मागणी नेताना

भेटीची वेळ मागण्याआधी आपण मागत असलेला पैसा कोणत्या खात्याच्या अनुदान मागणीत (खात्याने वर्षाच्या खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमेत) येतो, हे नक्की करावे. सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१ हे अवकाश विभागाचे यान आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आणि औंढा नागनाथ परिसरातील लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा (२०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी) मात्र मुख्यतः अणुऊर्जा विभागाकडे येतात. ही गल्लत झालेले निवेदन चुकीच्या टेबलावर जाऊन तिथेच पडून राहते.

त्यानंतर अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतील अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, कारण आधी दिलेला निधीच खर्च झालेला नसेल, तर खासदारांचे स्वीय सहायक नेमके तेच विचारतील आणि आपल्याकडे उत्तर असायला हवे. विभागाची एकूण तरतूद वाढली म्हणजे विज्ञानाचा वाटाही वाढला, असे गृहीत धरू नये. अवकाश विज्ञानाचे शीर्ष (खर्चाची नोंद) वेगळे असते.

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडल्यावर आकडे बदलायला फारसा वाव उरत नाही, म्हणून पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास भेटणे बरे. खासदार विज्ञान व तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीवर असतील, तर अनुदान मागण्यांच्या छाननीआधी पुन्हा भेटावे.

निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात एकच मागणी असावी. सोबत खासदारांना संसदेत विचारता येईल अशा अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नाचा मसुदा द्यावा. लोकसभेत त्याची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. इस्रोच्या कौतुकाला दोन वाक्ये पुरेत.